चुरमुरा, वाटी आणि वाढीचा तक्ता

लहान मुलांच्या वॉर्डात मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ इन्चार्ज म्हणून. आता आठवड्यातून तीन दिवस नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मागच्या अंकात बाळाच्या वाढीबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं नर्सेसची आहेत, बाकीची आयांची आणि आज्यांची. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नांदेडला जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. माइलस्टोनचा, म्हणजे बाळ कुठल्या महिन्यात काय करतं त्याचा, तक्ता पाठ आहे, पण एका पुस्तकात बसणं सहा महिन्यांना दिलंय, दुसऱ्यात आठ. परवा वॉर्डात मॅडमनी नऊ महिन्यांचं बाळ दाखवून ‘असेस कर’ म्हटलं. मी जवळ गेले, बाळाने भोकाड पसरलं आणि मला पुढचं काही सुचेना. सिस्टर, हे लक्षात तरी कसं ठेवायचं?

तुझी दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. सहाव्या महिन्यात बाळ दोन्ही हात पुढे टेकून बसतं, आठव्याच्या आसपास हात मोकळे ठेवून बसतं. शिवाय पुस्तकात छापलेला महिना हा मधला आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली धडधाकट बाळं महिनोन् महिने पाहिली आणि २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही. एकट्याने चालणं ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. केवढी मोठी खिडकी आहे बघ! वर्षाचं झालं तरी चालत नाही म्हणून रडवेली झालेली आई ओपीडीत आली, की हा आकडा तुझ्या जिभेवर हवा.

पाठ करायचाच असेल तर क्रम पाठ कर. अंगावरचा ताबा वरून खाली येतो: आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. आणि मधून बाहेर जातो: आधी खांदा, मग तळवा, शेवटी बोटं. पाचव्या महिन्यात बाळ दोन्ही हातांनी खेळण्यावर झेप घेतं, सातव्यात मुठीत धरतं, नऊ-दहा महिन्यांना अंगठा आणि तर्जनीची चिमूट करतं. महिना चुकला तर दुरुस्त करता येतो. मान धरली नसताना कुणी बाळाला बसवायचा प्रयत्न करत असेल, तर ते तुला लगेच खटकायला हवं.

आता ते रडणं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परकं माणूस ओळखतं, त्यामुळे तुला पाहून त्याने रडणं हा तपासणीतला पहिला निकालच होता. तो वहीत लिहायला हवा होतास. बाळ आईच्या मांडीवरून उचलायचं नाही. स्टेथोस्कोप बाहेर काढायचा नाही. तू शेजारच्या स्टुलावर बस आणि आईशी बोल, बाळाकडे पाहूसुद्धा नकोस. दोन-तीन मिनिटांत तेच तुझ्याकडे बघायला लागेल.

माझ्या ॲप्रनच्या खिशात चुरमुऱ्यांची पुडी असायची. काळ्या एक्स-रे फिल्मचा तुकडा धुऊन ठेवलेला होता. तो आईच्या मांडीसमोर धरायचा, त्यावर एकच चुरमुरा ठेवायचा आणि गप्प बसायचं. बाळ आधी टक लावून बघतं, म्हणजे बारीक वस्तू दिसते. मग हात येतो. सगळ्या बोटांनी ओढलं की चिमूट अजून व्हायची आहे. अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून आली की ती जमली. कुठला हात आला हे पाहायचं, मग चुरमुरा दुसऱ्या बाजूला ठेवून दुसरा हात येतो का तेही पाहायचं. तोपर्यंत चुरमुरा तोंडात गेलेला असतो. तो लाळेत विरघळतो, तरी बाळ बसलेलं असावं आणि नजर त्याच्यावर असावी. शेंगदाणा, फुटाणा, डाळीचा दाणा मात्र कधीही वापरायचा नाही. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढण्यासाठी रात्री दोनला धावपळ केली आहे मी.

पुढे रुमालाआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ कर. रुमालामागे माणूस आहे हे त्याला कळतं का, ते रुमाल ओढायला येतं का, हसतं का? अशा रीतीने नजर, हात, समज आणि माणसांशी नातं, सगळं पाच मिनिटांत कळतं आणि बाळाला आपण तपासले गेलो हे कळतही नाही.

एक सवय आत्ताच लाव. आईला ‘बसतं का? बोलतं का?’ असं विचारू नकोस, ती ‘हो’ म्हणते. ‘सकाळी उठल्यावर काय काय करतं?’ असं विचार. आणि लिहिताना ‘आईने सांगितलं’ वेगळं, ‘मी पाहिलं’ वेगळं.

चटकन चाळणी लावायला तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला तक्ता चांगला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या फक्त १७ गोष्टी. प्रत्येक गोष्टीसाठी वयाची एक आडवी पट्टी असते. बाळाच्या वयावर उभी पेन्सिल ठेवायची. जी पट्टी पेन्सिलच्या डावीकडे संपली आहे ती गोष्ट बाळाला यायलाच हवी.

प्रश्न : मी बाळंतिणींच्या वॉर्डात नवीन आहे. जन्मताना २.९ किलो असलेलं बाळ चौथ्या दिवशी २.७ भरलं. आजींनी वॉर्ड डोक्यावर घेतला, वरचं दूध आणायला माणूस पाठवला. मी काय सांगायला हवं होतं?

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, हे बाळंतपणाच्या दिवशीच सांगून ठेवायचं. काटा पाहिल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते. तुमच्या बाळाचं वजन साधारण ७ टक्के उतरलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि १० ते १४ दिवसांत भरून येतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ धरायची. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट.

७ टक्के म्हणजे काळजीचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. बाळ स्तनाला कसं लागलंय ते बसून पाहा, दुपटी किती ओली होतात ते विचारा. आणि आजींना बाजूला करू नका. त्यांना बाळाच्या लंगोटांचा हिशोब ठेवायला सांगा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा वेळा शू झाली की दूध पोटात जातंय, हे त्यांच्या स्वतःच्या मोजणीतून त्यांना पटतं आणि वरच्या दुधाचा डबा पिशवीतच राहतो.

प्रश्न : खासगी बालरुग्णालयात मी मापं घेते. एका मुलीची लांबी २३ महिन्यांना ८४.५ सेंटिमीटर होती, २४ महिन्यांना उंची ८४.४ आली. डॉक्टर माझ्यावर रागावले, आईवडील घाबरले. मूल लहान कसं होईल?

तुम्ही तेविसाव्या महिन्यात तिला झोपवून मोजलं असणार आणि चोविसाव्यात उभं करून. नियम तसाच आहे: दोन वर्षांच्या आत झोपवून, दोन पूर्ण झाली की उभं करून. पण झोपलेलं मूल उभ्या मुलापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, कारण उभं राहिल्यावर मणक्यांवर अंगाचा भार येतो. म्हणून कार्डावर ‘झोपवून’ की ‘उभं करून’ हे लिहायलाच हवं. दोन वर्षांखालचं मूल काही केल्या झोपत नसेल तर उभं करून मोजा आणि ०.७ मिळवा. मोठं मूल झोपवून मोजावं लागलं तर ०.७ वजा करा.

तरीही या वयात महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ होते, म्हणजे तुमचा आकडा थोडा तरी वर जायला हवा होता. उरलेली चूक टाचांत किंवा गुडघ्यांत असेल. कॉटवर टेप पसरून लांबी घेत असाल तर ते आजपासून बंद करा. इन्फँटोमीटर (बाळाची लांबी मोजायची फळी) मागून घ्या आणि दोघींनी मिळून माप घ्या. एकीने डोकं धरायचं, टाळू स्थिर फळीला टेकलेली, नजर सरळ छताकडे. तिथे आईला उभं करा, बाळ तिच्याकडे बघत शांत राहतं. दुसरीने डाव्या हाताने दोन्ही गुडघे हळूच दाबून पाय सरळ करायचे आणि उजव्या हाताने सरकती फळी तळपायांना भिडवायची. बोटं वर, टाचा फळीला. एकच पाय सरळ केला तर कंबर तिरकी होते आणि माप फसतं. फळी भिडवणारीने आकडा मोठ्याने वाचायचा, डोकं धरणारीने लिहायचा, मग पुन्हा एकदा मोजायचं. डोक्याला पिन, बो, घट्ट शेंडी असेल तर काढायची. जावळ काढलं नसेल तर केस दाबून फळी लावायची.

वजनाचंही तेच. काटा शून्यावर आणायचा, बाळाचे कपडे आणि ओलं दुपटं काढायचं, कमरेचा करगोटा आणि पायातले वाळे निघत नसतील तर तसं लिहायचं.

आणि तुम्ही विचारलेलं नाही, पण डोक्याचा घेर घेता का? बहुतेक ठिकाणी हे माप टळतं. भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवायचा, येणारं सर्वांत मोठं माप घ्यायचं. पहिले तीन महिने घेर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने १, नंतर वर्षापर्यंत अर्धा. मेंदूत पाणी साठतंय किंवा मेंदूची वाढ खुंटली आहे, हे टेप आधी सांगतो, लक्षणं मागून येतात. एका मापावरून काही ठरत नाही. तक्त्यावर दर भेटीचे ठिपके जोडून रेषा कुठे चाललीय ते पाहायचं, आणि रेषा पट्टा ओलांडून वर चढली किंवा आडवी झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

प्रश्न : माझी नात अकरा महिन्यांची आहे. रांगत नाही, बसल्याबसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरते. शेजारीण म्हणते पायांत दोष असेल. सून वॉकर आणू म्हणते. (सांगली)

ताई, वर सांगितलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत शंभरातली चार मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि पुढे व्यवस्थित चालली. ढुंगणावर सरकणारी मुलं चालायला थोडी उशिरा लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. तुम्ही इतकंच पाहा: पाठ ताठ ठेवून बसते ना, धरून उभी केली की पायांवर भार घेते ना, दोन्ही हात सारखे वापरते ना. एक मूठ कायम मिटलेली असेल, किंवा खेळणं कुठूनही दिलं तरी ती एकाच हाताने घेत असेल, तर मात्र ‘डावखुरी होणार’ म्हणून सोडून देऊ नका. वर्षाच्या आत हाताची निवड ठरत नसते, ते डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे. दीड वर्ष उलटूनही चालली नाही तरीही दाखवायचंच.

वॉकर नको. त्यात मूल लटकतं, पायांच्या चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. तुमच्या माळ्यावर जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर तो पुसून काढा. त्यामागे मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलावं लागतं, त्यामुळे उभी राहू लागली की तो चालेल, कुणीतरी मागे असताना. सध्या जमिनीवर सतरंजी अंथरा आणि पोळपाटासारखं काहीतरी आवडीचं हातभर लांब ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा ३१ व्या आठवड्यात झाला. आता सहा महिन्यांचा आहे. मान धरतो, पण पालथा पडत नाही. बहिणीची मुलगी साडेचार महिन्यांत पालथी पडली होती. माझी झोप उडाली आहे.

चाळिसातून एकतीस वजा केले की नऊ आठवडे उरतात. ते त्याने पोटात काढायला हवे होते. म्हणून वाढ आणि विकास पाहताना त्याचं वय सहा महिने धरायचं नाही, चार महिन्यांच्या आसपास धरायचं. चार महिन्यांचं बाळ मान धरतं, तुमचा मुलगाही धरतो. हा हिशोब दोन वर्षांपर्यंत ठेवा आणि बहिणीच्या मुलीशी तुलना थांबवा.

लसींना मात्र हा हिशोब लावू नका. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. लवकर जन्मलेल्या बाळांचे डोळ्याचे पडदे पहिल्या महिन्याभरात तपासतात आणि कानही तपासतात. डिस्चार्ज कार्डावर या दोन्हींची नोंद शोधा. सापडली नाही तर या आठवड्यात विचारायला जा.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एक मुलगा २० महिन्यांचा, वजन वाढीच्या तक्त्यातल्या हिरव्या पट्ट्यात, दंडघेर चांगला, पळतो, खेळतो. एकही शब्द बोलत नाही. आई म्हणते, याचा बापही उशिरा बोलला होता. घरात वारली बोलतात, मी मराठीत विचारते, म्हणून तर नसेल? अंगणवाडीच्या अॅपमध्ये सगळं ठीक दिसतंय. मी काय करू?

सेविकाताई, तुम्ही हे पत्र लिहिलंत ते फार बरं केलंत. वजन हिरव्या पट्ट्यात आहे म्हणजे वाढ ठीक आहे. विकासाबद्दल तो पट्टा काहीच सांगत नाही.

भाषेचं आधी. वारलीतला शब्द हाही शब्दच. आईला विचारा, तो आजीला, भाकरीला, कुत्र्याला काही ठरलेला आवाज काढून हाक मारतो का. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल मुकं राहत नाही. एक वर्षाच्या सुमारास एक-दोन अर्थपूर्ण शब्द आणि दीड वर्षाला आठ-दहा शब्द कुठल्याही भाषेत यायला हवेत, दोन भाषांचे मिळून मोजले तरी चालतील. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, तर बापाचा दाखला चालत नाही. कान तपासायचे.

यावर मी इतकी ठाम का आहे ते सांगते. मला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. जुलाबासाठी दाखल झालेला चौदा महिन्यांचा मुलगा होता. आई म्हणाली, ‘सिस्टर, हाक मारली तर वळत नाही हो.’ मी जेवणाच्या ट्रॉलीवरची स्टीलची वाटी उचलली, त्याच्यासमोर धरली आणि चमच्याने वाजवली. तो वाटीकडे बघून हसला. मी म्हटलं, ‘ऐकतोय की चांगला.’ ती समाधानाने घरी गेली. दोन वर्षांनी कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेर ती मला दिसली. मुलगा सव्वातीन वर्षांचा होता. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तिने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, ‘तुम्ही वाटी वाजवली होती, आठवतं?’ त्याने माझा हलणारा हात पाहिला होता, आवाज ऐकला नव्हता. बोलायला शिकण्याची त्याची दोन वर्षं माझ्या त्या वाटीने घेतली. ते आठवून आजही माझ्या पोटात तुटतं.

म्हणून वाटी कशी वाजवायची ते नीट वाचा. मूल आईच्या मांडीवर. तुमची मदतनीस समोर बसून आवाज न करणारं खेळणं दाखवते. तुम्ही मागे, त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, कानाच्या रेषेत, हातभर अंतरावर. तुमची सावली समोरच्या भिंतीवर पडायला नको. बांगड्या आधी काढून ठेवा. जमिनीवर पाय आपटू नका, ऐकू न येणारी मुलं जमिनीचा कंप ओळखतात. मग हळू वाजवा, मोठ्याने नको. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा. आणि हेही लक्षात असू द्या की बहिरं बाळसुद्धा पहिले काही महिने ‘आ, ऊ’ करतं, सहाव्या महिन्यानंतर त्याचे आवाज कमी होत जातात. ‘लहानपणी आवाज काढायचा की’ असं घरचे सांगतात ते खोटं नसतं.

मूल वाटीच्या आवाजाला वळलं, तरीही त्याला पुढे पाठवायचंच. थोडंसं ऐकू येणारी मुलं वाटीला वळतात, बोलणं मात्र त्यांना तुटक ऐकू येतं. तो बोट दाखवून वस्तू मागतो का, डोळ्यांत बघतो का, आधी येणारं काही विसरला का, हेही आईला विचारून लिहून न्या. कान चांगले निघाले तर याच नोंदींवरून डॉक्टर पुढचा विचार करतील.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तुमच्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर या चार गोष्टींसाठी त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात. पण पथकाची वाट पाहत बसू नका. २० महिन्यांचा आहे तो. आदर्श वेळापत्रकात कानांची चाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्यात आणि उपाय सहाव्या महिन्यात सुरू व्हायला हवे असतात. गावच्या नर्सला, म्हणजे एएनएम ताईंना, या आठवड्यातच सांगा आणि दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: ‘वय २० महिने, एकही शब्द नाही, दोन्ही कानांची तपासणी व्हावी.’ ‘वाढ बरी आहे’ हे त्या चिठ्ठीवर नको, ते वाचून कुणीतरी परत पाठवेल.

आईला एक गोष्ट समजावून सांगा. कानांची मुख्य चाचणी मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. जव्हारहून एसटीत बसलं की मूल तासाभरात झोपतं आणि दवाखान्यात टक्क जागं होतं, मग तारीख पुढची मिळते. त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा, वाटेत जागं ठेवा, आणि नंबर जवळ आला की पोटभर खाऊ-पिऊ घालून झोपवा. सोबत बापालाही न्या, ‘मीही उशिरा बोललो’ हे त्याने डॉक्टरांपुढे बोलावं आणि त्याला उत्तर तिथेच मिळावं.

तपासणीत काय निघालं ते मला याच पत्त्यावर कळवा. मी वाट बघते आहे.